जीव वाचला, आता बोलण्याचं काय?

भुलाबाईचे दिवस आले की मला हमखास अकोल्याची आत्या आठवते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तिच्या अंगणात रोज संध्याकाळी पोरी जमायच्या. गाणं उचलायला आत्याच लागायची. आवाज असा खणखणीत, की चार घरं सोडून ऐकू जायचा. गाणी झाली की डब्यातला खाऊ ओळखायचा आणि ओळखता नाही आला की आत्याच्या आवाजात बोलणी खायची. 'बाप्पा, या बाईच्या गळ्यात भोंगा बसवला का काय!' असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि ती आणखी मोठ्यानं हसायची.

चार वर्षांपूर्वी तिचा घसा बसला. सर्दीनं असेल, थंड पाण्यानं असेल, असं म्हणत हळदीचं दूध झालं, लवंग झाली, ज्येष्ठमध झालं. पाच महिने गेले. गिळताना दुखायला लागलं तेव्हा कुठं दवाखाना गाठला. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, तोही पुढे गेलेला. आत्यानं जन्मात विडी ओढली नव्हती. सकाळी दाताला मिश्री लावायची, तेवढंच. मैत्रिणींनो, हे 'तेवढंच' आपल्याला फार महागात पडतं. मिश्री म्हणजे शेवटी भाजलेली तंबाखूच! आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. लवकर सापडलेल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये अनेकदा स्वरयंत्र वाचतं आणि आवाजही राहतो. आत्याची ती वेळ निघून गेली होती. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं.

ऑपरेशन चांगलं झालं. आम्ही भेटायला गेलो. गळ्याखाली एक भोक, त्यातून श्वास. जो येई तो म्हणे, 'जीव वाचला ना, देवाची कृपा!' मीही तेच म्हणाले. पुढचा प्रश्न कुणीच विचारला नाही. ऑपरेशनच्या आधी नाही, घरी सोडताना नाही, नंतरही नाही. जीव वाचला, आता बोलण्याचं काय?

घरच्यांनी एक पाटी आणून दिली. काही हवं असेल तर लिहून दाखव म्हणाले. आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. सही करते, पण मनातलं लिहून दाखवणं तिला कसं जमावं? चार दिवसांत पाटी कपाटावर गेली. मग टाळ्या, चुटक्या, ताटलीवर चमचा वाजवणं सुरू झालं. पाणी हवं, भूक लागली, पंखा लावा, एवढं त्यातून कळायचं. त्यापलीकडचं काही नाही.

हळूहळू घराला त्याची सवय झाली. 'आई, भाजीत मीठ बरोबर आहे का' असं सून विचारायची, तेही बंद झालं. विचारून उपयोग काय, ती थोडीच बोलणार! पाहुणे आत्याची तब्येत तिच्यासमोरच मुलाला विचारायचे. 'आजी कशी आहे?' 'बरी आहे.' आणि आजी तिथेच, हात मांडीवर ठेवून बसलेली.

मग वावराची गोष्ट निघाली. सातबाऱ्यावर आत्याचं नाव. दोन एकर विकायचं ठरलं, गिऱ्हाईक आलं, भाव झाला. मी त्या दिवशी तिथंच होते. मी म्हटलं, 'दादा, आत्याला विचारलं का?' तो सहज म्हणाला, 'आता बुढीले काय इचाराचं? तिले बोलता येते का?' त्याच्या मनात पाप नव्हतं. आईच्या औषधपाण्याला त्यानं कमी केलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. ज्या बाईला बोलता येत नाही तिला मतही नसतं, असं एक चांगलं, कष्टाळू, आईवर माया करणारं घर वर्षभरात मानून बसलं होतं.

तुम्हीच सांगा, हे फक्त कॅन्सरमुळे झालं का? आपल्याकडे बोलणाऱ्या बाईचं तरी किती ऐकतात! न बोलणारी बाई तर घराला सोयीचीच. त्यामुळे तिचा आवाज परत आणायची घाई कुणालाच नसते.

मी चौकशी सुरू केली तेव्हा मला कळलं ते ऐकून माझाच मला राग आला, इतकं ते साधं होतं. स्वरयंत्र काढलं तरी जीभ, ओठ, दात, टाळू सगळं जागेवर असतं. शब्द घडवायचं काम तेच करतात. गेलेला असतो फक्त मूळ नाद. पेटीचा भाता शाबूत, वाजवणारी बोटं शाबूत, फक्त आतले सूर काढून घेतलेले, तसं काहीसं. तो नाद दुसरीकडून मिळाला की माणूस बोलू शकतो.

ही काही नवी गोष्टही नाही. स्वरयंत्र पूर्ण काढण्याचं पहिलं मोठं ऑपरेशन व्हिएन्नात डॉ. बिलरोथ यांनी 1873 साली केलं. त्यांचे सहकारी डॉ. गुसेनबाउर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं होतं. म्हणजे गळ्यातलं यंत्र काढलं तर बोलण्याची सोयही करायला हवी, हे डॉक्टरांना दीडशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. आपल्याला आज सुचत नाही!

आजच्या घडीला तीन वाटा आहेत. पहिली बिनखर्चाची. हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी बाहेर सोडायची आणि त्या नादावर शब्द बोलायचे. शिकायला महिने लागतात, सगळ्यांना जमत नाही, पण जमलं की कशाची गरज नाही.

दुसरी वाट इलेक्ट्रोलॅरिंक्सची. हातातल्या बॅटरीएवढं यंत्र गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्राची थरथर तोंडात पोचते, आपण तिचे शब्द करतो. किरणांच्या उपचारानं गळ्याची कातडी कडक झाली असेल तर छोटी नळी लावून तोच नाद थेट तोंडात सोडता येतो. आवाज एकसुरी, यंत्रासारखा येतो. किंमत काही हजारांपासून सुरू होते, परदेशी बनावटीची यंत्रं बरीच महाग पडतात.

तिसरी वाट व्हॉईस प्रोस्थेसिसची. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी झडप बसवतात. ती एकाच बाजूला उघडते. गळ्याचं भोक बोटानं झाकून श्वास सोडला की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथं नाद होतो, आणि माणूस आपल्याच श्वासावर बोलतो. अमेरिकेतल्या ब्लॉम आणि सिंगर या दोघांनी 1980 च्या सुमारास ही पद्धत रुळवली. या झडपेनं येणारा आवाज तिन्ही वाटांत सगळ्यात मोकळा. पण झडप रोज साफ करावी लागते, काही महिन्यांनी बदलावी लागते, आणि परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. एकदा कसेबसे पैसे उभे केलेलं घर दुसऱ्या वेळी हात टेकतं.

हे ओळखून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी त्यांचे उद्योजक मित्र शशांक महेश यांच्यासोबत 'ओम' नावाची देशी झडप तयार केली. 2015-16 च्या सुमारास तिची बातमी सगळीकडे आली, कारण किंमत सांगितली होती फक्त पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज दोघींचा चहा-नाश्ता होत नाही. एका डॉक्टरच्या मनात आलं म्हणून हे घडलं. म्हणजे अडचण नेहमी पैशाचीच असते असं नाही, अनेकदा ती मनात न येण्याची असते.

आम्ही आत्याला स्पीच थेरपिस्टकडे नेलं. तिच्या तब्येतीला इलेक्ट्रोलॅरिंक्स बरं पडेल असं ठरलं. आम्ही भावंडांनी वर्गणी काढली. पहिल्या दिवशी नुसती घरघर आली. नातू हसला, 'आजी रोबोट झाली!' आत्यानं यंत्र ठेवून दिलं आणि दोन दिवस हात लावला नाही. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, असं थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. पुरुषाचा आवाज घोगरा झाला तर चालून जातं, बाईला मात्र लाज वाटते. लोक काय म्हणतील, हा कसला आवाज! मग त्याच नातवाला आम्ही आजीचा मास्तर केलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. 'क'ची बाराखडी, मग घरातल्यांची नावं, मग लहान वाक्यं. यंत्र कुठं टेकवायचं, बटण कधी सोडायचं, हे हाताला कळायला महिना-दीड महिना गेला.

आणि एक दिवस जेवणं चालली असताना आत्यानं यंत्र गळ्याला लावलं आणि दादाकडे बघत म्हणाली, 'वावर... इकाचं... नाही... मले.'

घास हातात राहिले. आवाज यंत्राचा होता, पण बोलणं पक्कं आत्याचं! दादाचे डोळे भरून आले. वावर विकलं नाही. विकायला हवं होतं की नको, तो भाग वेगळा. ज्याच्या त्याच्या घरची गणितं असतात. माझं म्हणणं इतकंच, की तिला विचारल्यावाचून ते विकलं जाणार होतं.

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे, त्यावर लिहिलं की तोच बोलतो. खरं आहे. मराठीत टाईप केलेलं मोबाईल वाचून दाखवतो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'जेलो'सारख्या ॲपमध्ये चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो, मराठीतसुद्धा. ज्यांना जन्मापासून बोलता येत नाही अशा मुलांसाठी हे मोठंच वरदान आहे. अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेल्या माणसालाही चित्रांचा आधार होतो. पण आत्यासारख्या बाईला टाईप करता येत नाही, आणि मोबाईल बोलतो ती पुस्तकातली मराठी. 'मले' आणि 'काऊन' त्याच्या तोंडी कुठून येणार! म्हणून कमी शिकलेल्या बाईला पाटी किंवा मोबाईल देऊन मोकळं होता येत नाही. तिला तिच्या तोंडचं बोलणंच परत मिळायला हवं.

इथं मला आपले गाडगेबाबा आठवतात. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस नुसत्या बोलण्याच्या बळावर गावंच्या गावं हलवत होता. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. अशा माणसाचा आवाज गेला असता आणि कुणी हातात पाटी दिली असती तर? आपल्या घरातल्या कितीतरी आज्या, काकवा तशाच आहेत. त्यांचं सगळं शहाणपण बोलण्यात आहे, कागदावर एक ओळ नाही. आवाज गेला की सगळंच बंद.

बाबांच्याच नावानं मुंबईत दादरला धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलच्या उपचारांसाठी आलेले किती रुग्ण तिथं राहतात! अमरावती-मुंबई एक्स्प्रेसच्या डब्यात टाटाची फाईल छातीशी धरून बसलेलं एखादं जोडपं तुम्हीही पाहिलं असेल. आता मुंबई टळायची सोय थोडी झाली आहे. नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय पूर्वीपासून आहे. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचं रुग्णालयही 2023 पासून पूर्ण स्वरूपात सुरू झालं आहे. सरकारी आरोग्य योजना 2012 मध्ये राज्यात पहिल्यांदा आली ती आठ जिल्ह्यांत, आणि त्यात आपली अमरावती होती. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते. म्हणजे ऑपरेशनची वाट थोडी सोपी झाली. ऑपरेशननंतर परत बोलू लागण्याची वाट अजून आपली आपणच शोधायची.

एक गोष्ट मात्र कायद्यानं मान्य केलेली आहे आणि ती प्रत्येकीला माहीत हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्यात वाचा आणि भाषा यांच्या दिव्यांगतेत स्वरयंत्र काढल्यामुळे आणि मेंदूच्या आजारामुळे बोलणं गेलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. दिव्यांगता चाळीस टक्के किंवा जास्त ठरली तर दिव्यांगांसाठीच्या बऱ्याच योजनांना अर्ज करता येतो. 'आपल्याला काय करायचं त्या कागदाचं' असं म्हणून सोडू नका.

आणखी काही गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो, त्याही सांगते. अशा बाईचा श्वास नाकातून जात नाही, त्यामुळे वास कळेनासा होतो. दूध उतू गेलं, फोडणी करपली, गॅस सुटला, तिला कळणार नाही. तिला एकटीला स्वयंपाकघरात सोडताना ध्यानात ठेवा. तिला चूल फुंकता येत नाही, त्यासाठी तिला बोलू नका. आंघोळीच्या वेळी गळ्याच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. बाहेर पडताना त्यावर पातळ सुती कापड असू द्या, धूळ जात नाही. आणि कधी दम लागला तर तिचं नाकतोंड नव्हे, ते भोक आधी मोकळं करा, तिचा श्वास तिथं आहे.

आवाज जायच्या आधी तो जपूनही ठेवता येतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार जेनिफर वेक्सटन यांचं बोलणं मेंदूच्या आजारानं गेलं. त्यांच्या जुन्या भाषणांवरून संगणकानं त्यांचा आवाज तयार केला आणि जुलै 2024 मध्ये त्या आवाजात त्या सभागृहात बोलल्या. आत्याचा जुना आवाज आमच्याकडे फक्त एका लग्नाच्या सीडीत आहे, तोही बँडच्या गोंगाटात. घरोघरी मोबाईल असताना आपण पोरांचे नाच टिपून ठेवतो, आईची गाणी नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या आठवड्यात तिला निवांत बोलतं करा, गाऊ द्या, आणि ते टिपून ठेवा.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते ऐकणाऱ्यापाशी. शरद पवारांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन 2004 मध्ये झालं. त्यांचं बोलणं पूर्वीसारखं स्पष्ट राहिलं नाही, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या सभा भरल्या. लोक कान देऊन ऐकतात, कारण बोलणाऱ्याला वजन आहे. मग घरातल्या आईला, सासूला आपण कान देऊन ऐकत नाही ते का? ती यंत्र गळ्याला लावते, एक शब्द निघतो, आणि आपण तिचं वाक्य आपल्या मनानं पूर्ण करून मोकळे होतो. 'कळलं, कळलं, चहा ना?' तिला चहा नको असतो. तिला काहीतरी सांगायचं असतं. दोन मिनिटं थांबा. टीव्ही बंद करा. तिच्या ओठांकडे बघा.

म्हणून माझं सांगणं आहे. स्वरयंत्राचं ऑपरेशन ठरेल त्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, 'नंतर बोलण्याचं काय? झडप बसेल का, यंत्र चालेल का, स्पीच थेरपिस्ट कुठं भेटतील?' विचारायला घाबरू नका, तो तुमचा हक्क आहे. रुग्णालयांनीही अशा रुग्णाला स्पीच थेरपिस्टची भेट झाल्याशिवाय घरी सोडू नये. आपल्या अमरावती, अकोल्याच्या सरकारी रुग्णालयांत शिकण्यापुरती उसनी देता येतील अशी दोन-चार यंत्रं ठेवायला किती खर्च येणार? एखादं महिला मंडळ, एखादा बचत गट, एखादी बँक मनावर घेईल तर एका हळदीकुंकवाच्या खर्चात एखादीचा आवाज परत येईल. वाण म्हणून आपण इतकी वर्षं प्लास्टिकचे डबे वाटले. एखाद्या संक्रांतीला एखादीला तिचं बोलणं देऊ या की!

गेल्या भुलाबाईला मी अकोल्याला गेले होते. आत्याला आता गाता येत नाही, यंत्राला चाल नाही. गाणं पोरींनी म्हटलं. पण शेवटी खाऊ ओळखायची वेळ आली तेव्हा आत्यानं डबा मांडीखाली दडवला, यंत्र गळ्याला लावलं आणि पोरींना म्हणाली, 'ओयखा... मंग!'

पोरी गलका करत एकेक नाव घेत होत्या आणि आत्या प्रत्येकीला आपल्या त्या घरघरत्या आवाजात सांगत होती, 'नाही... नाही... नाही.'